भिंतीपलीकडची शेगडी

आक्का, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडची लाईट गेली.

तुमच्या घरात माणसं मावत नव्हती. मी पाहुण्यांसाठी सतरंज्या काढायला माझ्या घरात आले होते. बोर्डावर खट् झालं, फ्रिजची घरघर थांबली, आणि मी सवयीनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "आक्का, लाईट गेली. तुमच्याकडं हाय का?"

हाक मारून झाल्यावर मला कळलं. सतरंजी हातात तशीच धरून मी खाली बसले. पलीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. इतकी वर्षं या हाकेला उत्तर ठरलेलं होतं. जरा वेळ जायचा, मग तुमचा आवाज यायचा, "हाय की. तुझाच खटका पडला आसंल. जा, बघ." तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा मी रडले नाही, स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही नीटसं रडू आलं नाही. त्या दुपारी मात्र ते एवढंसं उत्तर ऐकायला मी किती आसुसले होते, कसं सांगू.

हा खटका तुमच्याच हट्टाचा. आपलं घर एक होतं, मधे भिंत घालून दोन झालं. तुम्हा थोरल्या जावेला अलीकडची बाजू हवी की पलीकडची, यावरून आपले नवरे भांडत होते आणि आपण दोघी मागच्या अंगणात कुरडया घालत होतो. मीटर दोन झाले, पण खांबावरून येणारी जुनी तार एकच राहिली. मग त्या पावसाळ्यात गोठ्यातल्या दिव्याची तार लोखंडी खांबाला लागली आणि खांबाला बांधलेली तुमची चांदी म्हैस उभ्या जागी कोसळली. तिच्या पाठीवरून हात फिरवून तुम्ही नुकत्याच बादली आणायला वळल्या होतात. तुम्ही कितीतरी दिवस एकच म्हणत होतात, "माझ्या जागी ती गेली." तेराव्याची वाट बघावी तशी तुम्ही पाऊस उघडायची वाट बघितलीत आणि कामशेतहून मुनीरभाई वायरमनला बोलावून दोन्ही घरांत तो खटका बसवून घेतलात. तार कुठं चुकीच्या जागी लागली, कुणाच्या अंगातून करंट जायला लागला, की माणूस दगावायच्या आत तो लाईट तोडतो. मुनीरभाई त्याला ईएलसीबी म्हणायचे. आपण खटकाच म्हटलं.

तुमचा खटका गरीब. बसवल्यापासून कधी पडल्याचं मला आठवत नाही. माझा मात्र मेला द्वाड. त्याला काळवेळ नव्हता. मिक्सर चालू असताना पडायचा, मिक्सर बंद असताना पडायचा, कुणी कशाला हात लावलेला नसताना पडायचा. मालिकेत सुनेनं सासूच्या तोंडावर कागद फेकला की नेमका खट्. ह्यांची अर्धी दाढी झालेली असली की खट्. मी तणतणत स्टुलावर चढायची, दांडी वर करायची, आणि तुम्ही भिंतीपलीकडून विचारायच्या, "बसला का?" कधी बसायचा, कधी पुन्हा पडायचा. मग थोड्या वेळानं पुन्हा दांडी वर केली की मुकाट बसायचा.

एकदा आपण दोघींनी ठरवलं की मुनीरभाई गेले उडत, आपणच शोधून काढू. आठवतं ना? घरातल्या सगळ्या पिना काढल्या. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, माझ्या रोहनचे ते चार्जर. तुम्ही बोर्डाखाली पाट टाकून न्यायाधीशासारख्या बसलात. "लाव फ्रिज." लावला. "लाव टीव्ही." लावला. एकेक करून सगळं लावलं, सगळं एकदम चालू केलं, वर इस्त्री लावली. खटका हलला नाही. दुपार गेली, आपण शेंगा फोडत बसलो, तो तसाच वर. मी म्हटलं, "आक्का, तुमाला भितो त्यो." तुम्ही खूश झालात. पदर झटकून घरी गेलात, आणि थोड्या वेळानं खट्. मी पुन्हा सगळ्या पिना काढल्या, बोर्डावरची बाकीची बटणंसुद्धा बंद केली. तरीही पडला. घरात एक दिवा चालू नाही आणि खटका पडतोय. मी त्या दिवशी मारुतीला नारळ बोलले.

मुनीरभाईंचं आपलं एकच. "वहिनी, ओल हाय भिंतीत. मावळात घर बांधलं की पाऊस भाड्यानं ऱ्हायला येतो." मी विचारायची, मग मे महिन्यात का पडतो? त्यावर ते डोकं खाजवायचे आणि तुम्ही त्यांची बाजू घ्यायच्या. "आगं, भिंती मुरलेल्या आस्त्यात आतनं. ओलच ती." तुम्हाला त्या ओलीचा एवढा पुळका का, हे मला तेव्हा कळलं नाही.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. मी एकदा वैतागून म्हटलं, हा खटका काढून टाका आणि डायरेक्ट करा. गावात किती जणांनी तसं केलंय, त्यांच्याकडं काय वाईट झालं? तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत आणि माझ्या बोर्डाखाली येऊन उभ्या राहिलात. "पडतोय म्हंजी जागा हाय त्यो," म्हणालात. "जागा हाय तर ऱ्हाऊ दे. पण मला का छळतोय?" मी म्हटलं. तुम्ही चिडलात. मी तुम्हाला इतकं चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलंय. "मी हाय तवर त्याला हात लावायचा न्हाई. मी गेल्यावर काय करायचं त्ये कर." त्यानंतर चार दिवस आपण कामापुरतंच बोललो, पाचव्या दिवशी तुम्ही अळूची पानं घेऊन आलात आणि विषय तिथंच राहिला. तो पुन्हा कधी निघाला नाही, म्हणजे मिटलाही नाही.

दुसरा विषय साखरेचा. तुम्हाला शुगर निघाली तेव्हा तळेगावच्या डॉक्टरांपुढं मीच फुशारकीनं म्हटलं होतं, "मी बघते त्यांच्याकडं." आणि मी बघितलं, आक्का. लग्नात तुमच्या पानातली जिलबी उचलली. हळदीकुंकवाला तुमच्या हातातला पेढा काढून घेतला. तुमच्या शीतलला बजावून ठेवलं की सासूबाईंच्या चहात साखरेचा कण जाता कामा नये. बिचारी वराळ्याच्या कंपनीत जायच्या आधी तुमचा बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची. तुम्ही तो माझ्यासमोर घोट घोट प्यायच्या, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. "ह्यो चहा हाय व्हय? भांडी इसळल्यालं पाणी बरं." मला हसू यायचं, पण मी हसायची नाही. पोलिसानं हसून कसं चालेल?

मग तुम्ही दवाखान्यात गेलात आणि माझा खटका पडायचा थांबला. पहिल्यांदा लक्षातच आलं नाही. एक दिवस मालिका अख्खी संपली आणि मला चुकल्यासारखं झालं. मी येऊन तुम्हाला सांगितलं, तुमच्या खाटेवर बसून मोसंबं सोलत होते मी. "आक्का, खटका पडायचा थांबला बघा. मुनीरभाईंनी गेल्या टायमाला काय केलं कुणास ठाऊक." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ओठ हसल्यासारखे जरासे हलले. "आता न्हाई पडायचा," म्हणालात.

मी समजले, पाऊस सरला म्हणून म्हणताय. मी मोसंब्याची फोड पुढं केली आणि गोळ्या घेतल्या का, ते विचारलं. त्या खाटेवर मला पुन्हा एकदा बसायचंय, आक्का. फक्त तेवढ्या वाक्यापुरतं.

तर त्या दुपारी मी डोळे पुसले, स्टुलावर चढून दांडी वर केली. पुन्हा पडली. मी तशीच तुमच्याकडं आले. तुमच्या मागच्या खोलीत शीतल उकिडवी बसली होती, पुढ्यात कॉइलची शेगडी लालभडक आणि तिच्यावर मोठ्या पातेल्यात चहा. दोन्ही घरांना सुतक, चूल पेटवायची नाही. तुमचा गॅस बंद, माझाही बंद. भाकरी-पिठलं शेजाऱ्यांकडून आलं होतं, पण घोरावाडीहून तुमच्या माहेरची माणसं लोकलनं येऊन बसली होती, त्यांना घोटभर चहा तरी द्यायला हवा. त्यावर गंगूआत्यांनी निकाल दिला होता. तुम्हाला माहीत आहेत त्या, भावकीत सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दापुढं कोण जाणार? "चुलीला इस्तू लागतो. हिला काय लागतो? ही लाईटीची शेगडी, हिला कसलं सुतक? ठेवा आधण." शास्त्र असं लवचिक असावं.

माझं त्या निकालाकडं लक्ष नव्हतं. "शीतल, बंद कर ती," मी म्हटलं.

"काकी, आत्याच म्हणाल्या..."

"आगं, बंद कर. मी वरडले की पुन्ना लाव."

मी घरी धावले. दांडी वर केली, बसली. "लाव गं!" खट्. "बंद कर!" दांडी वर, बसली. "लाव!" खट्. पलीकडं बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन आलं.

मी परत आले आणि शीतलला विचारलं, ही शेगडी होती कुठं? ती म्हणाली, "तांदळाच्या पिंपामागं. चहासाठी काहीतरी शोधत होते तर सापडली. मला वाटलं आईंनी जुनी म्हणून टाकून दिली असेल." आणि तिनं बाकीचं दाखवलं. एका कपाचं पातेलं, बुडाशी काळं झालेलं. चहाची पूड. झाकण घट्ट लावलेला साखरेचा डबा, अर्ध्याहून जास्त भरलेला. आणि माझी गाळणी. हरवली म्हणून मी ज्या गाळणीसाठी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, तीच ती, पितळी दांड्याची.

मी हसले, आक्का. सुतकाच्या घरात, तुमच्या माहेरच्या माणसांसमोर मी जोरात हसले आणि मला ते आवरेना.

तेव्हापासून मी एकेक आठवत बसते. खटका पडत होता तो तुम्ही चहा ठेवायच्या तेव्हा. शीतल कामावर गेली, मी आडवी झाले, घर शांत झालं, की तुम्ही पिंपामागून शेगडी काढायच्या. तुमच्याकडं गिझर नाही, पाणी बंबावर तापतं, मोठा लोड असा तेवढाच. हाक मारल्यावर उत्तराला उशीर का व्हायचा? तोंडात गरम घोट असणार. माझ्याकडं शेंगा फोडत बसलात त्या दुपारी खटका का पडला नाही? कारण तुम्ही माझ्याकडं होतात. घरी गेल्या गेल्या तलफ आली असणार. आणि माझ्या प्रीतीला बघायला पाहुणे आले, माझी कांदाभजी कढईत, मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली, आणि लाईट गेली. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून घरी जाऊन पडला होतात. डोकं दुखतंय! माझा जीव टांगणीला आणि तुम्ही तिकडं गुळचट चहा पीत बसलेल्या.

तुम्हाला हे माहीत होतं का? यावर माझं मत रोज बदलतं. माहीत नसतं तर दवाखान्यात तसं हसला नसतात. आणि माहीत असतं तर माझ्या बोर्डाखाली उभं राहून मला त्या खटक्यासाठी तसं दटावलं असतंत? की दोन्ही खरं होतं, चांदीचंही आणि चहाचंही? विचारायला तुम्ही नाही. गाळणीचं मी माफ केलं. पण एकटीनं प्यायलात, ते नाही केलं. मला बोलवायचं होतं. मी साखरेवरून आरडाओरडा केला असता, खरं आहे. पण तो करून झाल्यावर मी पाट ओढून तुमच्यापुढं बसलेच असते, आणि माझ्या वाटचा अर्धा कप मागितला असता. साखर कमी घाला म्हटलं असतं. तुम्ही घातली नसती. असल्या किती दुपारी आपल्यामध्ये फक्त एक भिंत होती, मी पंख्याखाली जागीच होते, आक्का, आणि तुम्हीही जाग्याच होतात.

दहावा झाल्यावर रोहन म्हणाला, "आई, आता काढून टाकू का तो? मोठ्या आईसाठी ठेवला होतास ना." आपल्या भांडणात तुम्ही मला तशी मुभा देऊन ठेवलीच होती. मी गेल्यावर काय करायचं ते कर. मी जिंकले होते म्हणायचं. पण मला तो काढायचा नव्हता, आणि खरं सांगू, दुरुस्तही करायचा नव्हता. मनात आलं, राहू दे असाच बिघडलेला. शीतलला सांगावं, रोज दुपारी घटकाभर शेगडी लावत जा. काय सांगणार होते तिला, कशासाठी? पण शीतलला दिवस गेलेत. तुम्हाला ती सांगणार होती, राहून गेलं. उद्या ते पोर दोन्ही घरांतून रांगेल, आपली पोरं रांगली तसं. पडत्या खटक्याला वैतागून एक दिवस कुणीतरी तो डायरेक्ट करणार, आणि मग ज्या दिवशी खरंच पडायला हवा त्या दिवशी तो नसणार. मी मुनीरभाईंना निरोप धाडला.

ते आले. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, डोळे पुसले, आणि मी शेगडीचं सांगितल्यावर तिथंच खाली बसले. "या अल्ला. आक्का लय बिलंदर." मग त्यांनी मला समजावलं. खांबावरची तार दोन्ही घरांना एकच, जुनी. पलीकडं शेगडीसारखा मोठा, इस्त्रीच्या दोन-तीन पट लोड आला की तिच्या न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत जायच्या तारेवर, थोडा दाब येतो. एरवी त्यानं काही होत नाही. पण माझ्या घरात कुठंतरी न्यूट्रल अर्थिंगला चिकटलाय, त्या वाटेनं करंट निसटतो आणि खटक्याला वाटतं, कुणाला तरी शॉक बसला. बटणं बंद करून उपयोग नाही, कारण बटणं न्यूट्रल तोडत नाहीत. "ओल पन व्हतीच वहिनी," जाता जाता त्यांनी स्वतःची बाजू राखली. "एकटी ओल नव्हती, येवढंच."

मग त्यांनी बोर्ड उघडून न्यूट्रलच्या तारा एकेक सोडवायला घेतल्या. एक सोडवायची, शीतलला हाक मारायची, तिनं शेगडी लावायची. खट्. पुढची. खट्. एक तार सोडवली आणि खटका वर राहिला. ती मोरीच्या दिव्याची होती. दिव्यामागच्या लोखंडी पेटीच्या कडेला चेपून तिचं कातडं गेलं होतं, बोटभर सुद्धा नाही, एवढंसं.

"बदलतो आता," ते म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "ती हाय तशी जोडा पयली. चहा घेऊ, मग बदला."

त्यांनी तार होती तशी जोडली. मी तुमच्याकडं गेले. एका कपाचं ते पातेलं पुरणार नव्हतं, तरी तेच घेतलं, दोनदा केला. साखर तुमच्या डब्यातली, तुमच्या हातानं घातली असतीत तेवढी. शेगडी लावली तशी पलीकडून मुनीरभाई ओरडले, "पडला!" मी माझ्या गाळणीनं चहा गाळला आणि आम्ही तिघांनी तो माझ्या अंधाऱ्या घरात बसून प्यायला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते. चांगला होता, आक्का.

मग त्यांनी तार बदलली. शीतलनं शेगडी लावली, खटका हलला नाही. बराच वेळ लावून ठेवली, तरी नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मुनीरभाईंनी खटक्यावरचं एक छोटं बटण दाखवलं. ते दाबलं की तो आपोआप पडतो, म्हणजे त्याचं काम तो विसरलेला नाही हे कळतं. महिन्यातून एकदा दाबत जा, म्हणाले.

मी रोज दाबते. दुपारी, घर शांत झाल्यावर. खट् होतं, फ्रिज गप्प होतो. दांडी मी लगेच वर करत नाही. तुमचा चहा होईपर्यंत थांबते.